खंडाळ्याचे नृत्यालय व तेथील कलावंत

मावळ तालुक्याचे नाव काढले म्हणजे वाचकांच्या मनात लोहगड-विसापूर ही दुर्गांची जोडी, इंद्रायणीचे पात्र, भाताची खाचरे आणि फार तर लोणावळ्याची चिक्की येते. नृत्य काही येत नाही. वास्तविक ह्या भूमीत नृत्याची साक्ष फार जुनी आहे. आमच्या वडगावाहून लोणावळ्याकडे जाणारी गाडी कान्हे व कामशेत ही स्थानके मागे टाकून मळवलीस थांबते, आणि तेथून पायी निघाले म्हणजे भाज्याची लेणी लागतात. दोन हजार वर्षांहूनही जुन्या अशा त्या लेण्यांतील एका विहाराच्या भिंतीवर एक स्त्री नाचत आहे आणि तिच्याजवळ बसलेली दुसरी वाद्य वाजवीत आहे, असे शिल्प कोरलेले आहे. सहलीस गेलेले आमचे विद्यार्थी चैत्यगृह पाहून परत फिरतात. त्या शिल्पापर्यंत फार थोडे जातात.

त्याच लोहमार्गावर लोणावळ्याच्या पुढचे स्थानक खंडाळे हे होय. तेथे सन १९३८ मध्ये ‘नृत्यालयम्’ नावाची एक शाळा निघाली होती. ती शाळा काढणारी बाई त्याच वर्षी युरोपाचा मोठा दौरा आटोपून परत आलेली होती. तिच्या नृत्यमंडळीचे नाव बर्लिनपर्यंत पोचले होते. वडगावापासून वीस मैलांच्या आत घडलेली ही गोष्ट वडगावात कोणास ठाऊक नाही, ह्याचे आम्हांस नवल वाटते. म्हणून ह्या वर्षीच्या अंकात तिची हकीगत देण्याचे आम्ही योजले आहे. त्या बाईचे नाव सर्व पुस्तकांत आहे. परंतु तिच्या पाठीशी जी माणसे उभी होती त्यांच्याकडे आमचे विशेष लक्ष आहे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

बाईंचे मूळचे नाव लीला रॉय. त्यांचा जन्म सन १८९९ मध्ये पूर्व बंगालातील बारिसाल येथे झाला. वडील बंगाली बॅरिस्टर होते. बाईंचे शिक्षण दार्जिलिंग व इंग्लंड येथे झाले. पुढे त्यांचा विवाह डॉक्टर साहेबसिंग सोखे ह्यांच्याशी झाला. हे गृहस्थ सैन्याच्या वैद्यकीय खात्यातील अधिकारी व नामांकित संशोधक असून परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्लेगच्या लशीवर त्यांनी केलेले काम प्रसिद्ध आहे. एकाच घरात पती रोगजंतूंच्या अभ्यासात मग्न आणि पत्नी घुंगरांच्या, असा हा संसार होता. पतीने पत्नीच्या आड येण्याऐवजी तिला साह्य केले. त्या काळी ही लहानसहान गोष्ट नव्हती.

ॲना पाव्हलोव्हा ह्या जगद्विख्यात रशियन नर्तकीकडून लीलाबाईंस भारतीय नृत्याकडे वळण्याचे उत्तेजन मिळाले. हीच पाव्हलोव्हा सन १९२३ मध्ये उदयशंकर ह्या भारतीय तरुणास आपल्याबरोबर रंगभूमीवर घेऊन उभी राहिली होती. उदयशंकर तेव्हा लंडनमध्ये चित्रकला शिकत होते, आणि त्यापूर्वी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते. आपल्या देशातील दोन मोठ्या नृत्यकारांस आपल्याच नृत्याकडे वळवावयास एक परदेशी स्त्री लागली, ही गोष्ट थोडी लाजेची आहे. पण झाले ते असे झाले.

लीलाबाईंनी कथक शिकावयाचे ठरविले, आणि रंगभूमीकरिता ‘मेनका’ हे नाव घेतले. विश्वामित्राचा तपोभंग करणाऱ्या अप्सरेचे नाव एका प्रतिष्ठित घरच्या विवाहित स्त्रीने आपण होऊन घ्यावे, ह्यात धीटपणा होता व थोडा विनोदही असावा. ह्यापुढे आम्हीही त्यांस मेनकाबाई असेच म्हणू.

आता कथक म्हणजे काय हे विद्यार्थ्यांस थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढील मजकूर नीट समजावयाचा नाही. ‘कथा’ ह्या शब्दापासून ‘कथक’ हा शब्द झाला. उत्तर हिंदुस्थानात गाऊन, नाचून व हावभाव करून पुराणकथा सांगणारे लोक होते. आपल्याकडील कीर्तनकाराने पायांत घुंगरू बांधले तर कसे होईल, अशी कल्पना केली म्हणजे ओळख पटेल. पुढे ही विद्या राजदरबारी गेली. लखनौ व जयपूर ही तिची दोन मोठी ठिकाणे. तिचे पहिले अंग पायांचे. तबल्याचे बोल पायांनी जमिनीवर उमटवावयाचे. तेही सोळा मात्रांचा त्रिताल चालू असताना, कधी दुप्पट तर कधी चौपट वेगाने, आणि अखेर तोच तुकडा तीन वेळा म्हणून अगदी बरोबर समेवर येऊन थांबावयाचे. लेझीम खेळणाऱ्या आमच्या मुलांनी हे करून पाहावे: हलगी थांबते त्याच क्षणी पाऊल थांबले पाहिजे, मागे नाही व पुढे नाही. दुसरे अंग गिरक्यांचे, ज्यास चक्कर म्हणतात. तिसरे अंग भाव दाखविण्याचे, आणि आमच्या मते सर्वांत कठीण तेच होय.

कारण असे की, जुने कथक एकट्याने करावयाचे असते. एकच नर्तक क्षणात कृष्ण होतो, एक गिरकी घेऊन राधा होतो, पुन्हा गिरकी घेऊन दोघींतली सखी होतो. घागर डोक्यावर आहे, खडा लागला, घागर फुटली, अंगावर पाणी उडाले, हे सर्व घागरीवाचून व पाण्यावाचून तो दाखवितो. प्रेक्षक जाणते असले, जवळ बसलेले असले, तर त्यात अपूर्व गोडी असते. नर्तकाच्या मनास येईल तितका वेळ एक प्रसंग चालतो. तबलजी त्याच्या डोळ्यांकडे पाहून साथ करतो.

मेनकाबाईंनी हीच विद्या घेऊन तीतून नृत्यनाट्य रचावयाचे मनात आणले. बॅले ह्या परदेशी शब्दाने जी वस्तू ओळखली जाते ती हीच: अनेकांनी मिळून, संवाद न बोलता, केवळ नृत्य व वाद्यवृंद ह्यांच्या योगे एक कथा पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत सांगावयाची. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. एकटा नर्तक कृष्णही होतो व राधाही होतो. परंतु कृष्ण एकजण व राधा दुसरी झाली की त्या दोघांनी कोठून यावे, किती अंतरावर उभे राहावे, एक नाचत असता दुसऱ्याने काय करावे, हे प्रश्न उभे राहतात. जुन्या कथकात त्यांची उत्तरे नाहीत, कारण तेथे हे प्रश्नच नव्हते. शिवाय मनास येईल तसे लांबविणे बंद होते. दहा माणसांचे पाऊल एकाच मात्रेवर पडावयाचे तर सगळे आधी ठरलेले पाहिजे, आणि वादकांनीही ते पाठ केले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लहरीने वाजविणाऱ्या उस्तादांस ही शिस्त लावणे किती जिकिरीचे गेले असेल, ह्याची कल्पना शाळेच्या संमेलनाचा बँड ज्याने बसविला आहे त्यास येईल!

तर मग हे कोणी केले? जाहिरातीवर नाव मेनका एवढेच असे. पण ही विद्या मेनकाबाईंच्या घरची नव्हती. ती ज्यांच्या घरची होती त्यांनी ती दिली. आरंभी पंडित सीताराम प्रसाद ह्यांनी त्यांस शिकविले. पुढे लखनौच्या थोर घराण्यातील अच्छन महाराज व त्यांचे बंधू लच्छू महाराज ह्यांजकडून त्यांनी शिक्षण घेतले. ह्याच अच्छन महाराजांचे चिरंजीव म्हणजे ज्यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांनीही ऐकले असेल ते बिरजू महाराज. मंडळीतील प्रमुख पुरुष नर्तक रामनारायण हे कथकाचे तयार कलावंत होते. नर्तिकांत शेवंती भोसले हे मराठी नाव आढळते. वादकांत लखनौचे सरोदिये सखावत हुसेन खाँ होते. एवढ्या अधिकाराचे पुरुष परमुलखात पडद्याशेजारी बसून दुसऱ्याच्या पावलांस साथ करीत होते. त्यांच्या जोडीस विष्णू शिरोडकर हे आपल्याकडील नाव दिसते.

येथे एका अवघड विषयास हात घालणे प्राप्त आहे. तो टाळला तर पालकांस हा लेख अर्धाच वाटेल.

नाच हा शब्द आपल्या समाजात बरा मानला जात नसे. नाचणाऱ्या स्त्रिया म्हणजे देवळांस वाहिलेल्या मुली, दरबारी नायकिणी, बैठकीच्या कलावंतिणी. त्यांच्या कलेचा आस्वाद घ्यावयाचा आणि त्यांस घरात मात्र येऊ द्यावयाचे नाही, अशी रीत होती. सन १८९२-९३ च्या सुमारास मद्रास इलाख्यात ह्या नाचांविरुद्ध चळवळ सुरू झाली. तीत हिंदु सुधारक होते, तसे आमचे मिशनरीही होते. लहान मुलींस देवाच्या नावाने सोडून त्यांच्या आयुष्याचा विकरा करण्याची चाल दुष्ट होती, आणि ती बंद करण्याकरिता मुंबई इलाख्यात सन १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला तो योग्यच झाला. परंतु अपराध रूढीचा व शिक्षा कलेस, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी घडला. ज्या स्त्रियांनी ही विद्या जतन केली त्यांचेच जगणे त्या गडबडीत उघड्यावर पडले. आणि मग, आश्चर्य असे की, तेच नृत्य शिकलेल्या घरच्या स्त्रिया रंगभूमीवर करू लागल्या तेव्हा त्यांस फुलांचे हार मिळाले. मद्रासेस रुक्मिणीदेवी अरुंडेल सन १९३५ मध्ये नाचल्या आणि पुढल्याच वर्षी त्यांची कलाक्षेत्र ही संस्था निघाली. मुंबईस मेनकाबाई त्यांच्याही आधी, तिसऱ्या दशकाच्या अखेरीसच, लोकांपुढे आल्या होत्या.

मेनकाबाईंचे धैर्य आम्ही कमी लेखत नाही. आपल्याच मराठी रंगभूमीकडे पाहा: बालगंधर्वांसारखे पुरुष स्त्रियांची कामे करीत होते, आणि सन १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात प्रतिष्ठित घरच्या स्त्रिया उभ्या राहिल्या तेव्हा ती केवढी नवलाईची गोष्ट वाटली! तथापि बॅरिस्टराच्या कन्येस व संचालकाच्या पत्नीस जे क्षम्य ठरले ते गरिबाच्या मुलीस ठरले नसते, हेही तितकेच खरे. ह्या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहो.

‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’ व ‘मेनकालास्यम्’ ही नृत्यनाट्ये बसविल्यावर मंडळी सन १९३६ मध्ये युरोपास गेली व सन १९३८ पर्यंत तिचे शेकडो प्रयोग तेथे झाले. वाद्ये सर्व भारतीय होती. सरोद, तबला आणि घुंगरू हे आवाज तेथील कित्येक गावांनी त्यापूर्वी ऐकलेलेही नसतील. गेल्या काही वर्षांत जर्मनीतील संशोधकांनी त्या दौऱ्याची जुनी वर्तमानपत्रे व छायाचित्रे धुंडाळून एकत्र केली आहेत. सन १९३८ मध्ये निघालेल्या ‘एश्नापूरचा वाघ’ ह्या जर्मन बोलपटात ह्या मंडळीचे नृत्य आहे. म्हणजे ते पाय, त्या गिरक्या आजही डोळ्यांनी पाहता येतात. भारतात कसे लोक राहतात ह्याविषयी त्या बोलपटाची समजूत पोरकट आहे, परंतु नृत्य खरे आहे.

सन १९३६ च्या उन्हाळ्यात, ऑलिंपिक खेळांच्या निमित्ताने, बर्लिन येथे राष्ट्राराष्ट्रांच्या नर्तकांचा एक मेळा भरला होता. तेथे मेनकाबाईंच्या मंडळीचा मोठा गौरव झाला. आपल्याकडील पुस्तकांत हा प्रसंग अभिमानाने सांगतात, आणि अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु तो मेळा कोणी भरविला होता हेही सांगितले पाहिजे. ज्या सरकारने यहुदी कलावंतांस रंगभूमीवरून हुसकावून लावले होते त्याच सरकारच्या छत्राखाली तो भरला होता. अमेरिकेतील थोर नर्तकी मार्था ग्रॅहम हिलाही बोलावणे गेले होते. माझ्या व्यवसायातील इतक्यांचा जेथे छळ झाला तेथे मी नाचणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन तिने ते नाकारले; तिच्या मंडळीत यहुदी मुलीही होत्या. मेनकाबाईंची मंडळी परतंत्र देशातून गेली होती, आपल्या देशाच्या विद्येस कोठे तरी मान मिळावा ही तिची तहान होती, हे आम्ही जाणतो. त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही. पण दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत, आणि वरच्या वर्गातील मुलांनी त्यावर वादविवाद केला तर आम्हांस आवडेल.

युरोपातून परतल्यावर मेनकाबाईंनी खंडाळ्यास नृत्यालयम् स्थापन केले. मुंबई व पुणे ह्या दोन्ही शहरांस लोहमार्गाने जोडलेले, हवा थंड, गर्दी नाही, असे हे स्थळ आहे. त्याच सुमारास हिमालयाच्या पायथ्याशी अलमोडे येथे उदयशंकर ह्यांचेही केंद्र आकारास आले. देशाच्या दोन टोकांस, दोन डोंगरांवर, एकाच वेळी एकाच प्रकारचा प्रयत्न व्हावा ही गंमतीची गोष्ट आहे. खंडाळ्याच्या शाळेत कथकाबरोबर केरळातील कथकळी व पूर्वेकडील मणिपुरी ही नृत्येही शिकविली जात. मणिपुरीचे थोर गुरु विपिन सिंह ह्यांचा मेनकाबाईंशी संबंध आला तो ह्याच काळात. पुढे झवेरी भगिनींसह त्यांनी सन १९७२ मध्ये मणिपुरी नर्तनालय ही संस्था उभी केली. एका घराण्याचा गुरु आपली विद्या दुसऱ्या घराण्यास दाखवावयास तयार नसे, अशा काळात तीन प्रांतांच्या नृत्यांस एका छपराखाली आणणे हे मोठेच साहस होते.

नृत्यालयात शिकलेल्यांपैकी शिरीन वजिफदार ह्या एक होत. त्या पारशी समाजातील. त्या समाजातून भारतीय शास्त्रीय नृत्यात उतरणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांनी आपल्या खुर्शीद व रोशन ह्या बहिणींसही नृत्य शिकविले, आणि उत्तरायुष्यात नृत्यावर टीकालेख लिहिले. सन २०१७ मध्ये त्या निवर्तल्या.

सन १९३९ मध्ये मंडळीने कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ ह्या नाटकावरून नृत्यनाट्य केले. संस्कृत घेतलेल्या मुलांस ह्या नाटकाचा पहिला व दुसरा अंक ठाऊक असावा. गणदास व हरदत्त हे दोन नाट्याचार्य, आपल्यात श्रेष्ठ कोण ह्यावरून राजदरबारी भांडत येतात. निवाडा करावयास परिव्राजिका कौशिकी बसते. तेथे ती जो विचार सांगते तो असा: कोणास विद्या स्वतः उत्तम येते, कोणास ती दुसऱ्यास देण्याची हातोटी असते, आणि ज्याच्या ठायी ही दोन्ही असतील त्यास शिक्षकांत अग्रस्थान द्यावे. मग गुरूंची परीक्षा घ्यावयाची ती त्यांच्या शिष्यांस नाचावयास लावून. मालविका नाचते, आणि गणदास जिंकतो. स्वतः गणदास त्या परीक्षेत एक पाऊलही टाकीत नाही!

मेनकाबाईंनी हे नाटक का निवडले असेल, ह्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. त्यात राजा आहे, प्रेम आहे, उद्यान आहे, नृत्यनाट्यास हवे ते सर्व आहे, हे उघडच आहे. पण सगळ्या संस्कृत नाटकांत नृत्यशिक्षकाची बाजू मांडणारे नाटक हेच आहे. ज्या बाईची स्वतःची विद्या सीताराम प्रसाद, अच्छन महाराज व लच्छू महाराज अशा शिक्षकांच्या ओंजळीतून आली होती, आणि जी नुकतीच शाळा काढून स्वतः शिक्षिका झाली होती, तिला गणदासाचा तो प्रसंग आपलासा वाटला असल्यास नवल नाही. हा आमचा तर्क आहे. शिक्षकाने शिक्षकाविषयी केलेला म्हणून वाचकांनी तो पारखूनच घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नृत्यालय टिकू शकले नाही. प्रवास अवघड, परदेशाचे मार्ग बंद, आणि राजाश्रय वा सरकारी अनुदान पाठीशी नसलेली खाजगी संस्था. ती कितीशी तग धरणार? सन १९४७ च्या मे महिन्यात, देश स्वतंत्र होण्यास अडीच महिने उरले असता, मेनकाबाई वारल्या. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्याही आत होते.

मंडळी विखुरली, विद्या मात्र विखुरलेल्या माणसांबरोबर निरनिराळ्या दिशांस गेली. लच्छू महाराजांनी मुंबईच्या बोलपटांकरिता नृत्ये बसविली. ‘मुघल-ए-आझम’ हा सन १९६० चा बोलपट ज्या पालकांनी पाहिला असेल त्यांनी त्यांचे काम पाहिले आहे, मग त्यांचे नाव वाचले असो वा नसो.

आता ज्या मुद्द्याकडे परत येण्याचे आम्ही वचन दिले होते तो. सोखे ह्यांच्या घरी वत्सला जोशी नावाच्या एक बाई कामास होत्या. त्यांस दमयंती नावाची मुलगी होती. ती सन १९२८ मध्ये मुंबईस जन्मली. सोखे दांपत्याचे स्वतःचे मूल दगावले होते. त्यांनी ह्या मुलीस आपल्या मुलीप्रमाणे वाढविण्याची इच्छा दर्शविली, आणि आईने ती मान्य केली, पण मुलीस सर्वस्वी देऊन टाकले नाही. दोघींनी मिळून तिला वाढविले. त्या माउलीच्या मनात त्या वेळी काय आले असेल? मालकीणबाई नाचणाऱ्या, मुलीस नाच शिकविणार, लोक काय म्हणतील, उद्या हिचे लग्न कसे व्हावयाचे? हे प्रश्न आम्ही कल्पनेने रचलेले नाहीत. दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी दोन-तीन पालक, बहुधा मुलींचेच, हेच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. त्यांतील एका मातोश्रींनी गेल्या वर्षी आम्हांस सरळच विचारले, “गुरुजी, मोठ्या घरच्या मुली नाचल्या तर कला होते, आमच्या नाचल्या तर काय होते?” आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही.

दमयंतीने आरंभी सीताराम प्रसादांकडे धडे घेतले. दहा वर्षांच्या सुमारास ती मंडळीबरोबर नाचू लागली, आणि पंधराव्या वर्षी तर ती प्रमुख नर्तिका झाली. मेनकाबाई गेल्या तेव्हा ती एकोणीस वर्षांचीही नव्हती. येथेच तिची कथा संपावयास हरकत नव्हती. पुष्कळांची अशी संपते. परंतु तिने पुन्हा शिष्यत्व पत्करले. अच्छन, लच्छू व शंभू ह्या तिन्ही महाराज बंधूंपाशी ती शिकली, त्याशिवाय जयपूर घराण्याच्या हिरालालजींकडेही शिकली. मेनकाबाईंनी एकट्याच्या कथकाचे समूहाचे नृत्य केले होते; दमयंतीबाई त्या समूहातून निघून पुन्हा एकट्याने रंगभूमीवर उभ्या राहिल्या, आणि दोन अडीच तास एकटीने सभागृह खिळवून ठेवण्याबद्दल त्यांची ख्याती झाली. कथकाकरिता साडी नेसून नाचण्याची प्रथा त्यांनी पाडली असे म्हणतात. सन १९६८ मध्ये त्यांस संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक मिळाले व सन १९७० मध्ये पद्मश्री. मुंबईस त्यांनी स्वतः शिष्या तयार केल्या. सन २००४ च्या सप्टेंबरात दादर येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

त्या मातोश्रींस आम्ही पुढे ही हकीगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “त्या वत्सलाबाईंनी हे सगळे पाहिले का?” किती पाहिले ते आम्हांस सांगता आले नाही. त्यांची कन्या मात्र ह्या वर्षी संमेलनात आहे. लेझीम नव्हे, नृत्यात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मेनकाबाईंचे चरित्र संगीत नाटक अकादमीने सन १९८९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ते दमयंती जोशी ह्यांनी लिहिले आहे.